काडतुसाची कड

ब्रेन गन, म्हणजे ब्रिटिशांची हलकी मशीनगन, ओळखायला हत्यारांचा अभ्यास लागत नाही. दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश, भारतीय, कॅनेडियन, कुठल्याही तुकडीचा फोटो घ्या. पालथा पडलेला एक जवान, त्याला चिकटून दुसरा, आणि दोघांच्या मध्ये एक बंदूक. तिच्या डोक्यावर उभं राहिलेलं, पुढे झुकलेलं वाकडं मॅगझीन, म्हणजे गोळ्यांची पेटी. ते वळण इतकं तिचं वाटतं, की मूळ बंदुकीत ते नव्हतंच हे पटायला वेळ लागतो. ब्रेनची जन्मदात्री म्हणजे चेकोस्लोव्हाकियाची झेडबी २६. तिचं मॅगझीन सरळ, चौकोनी. बंदूक इंग्लंडात आली तेव्हा ते वाकलं, आणि पुढे नाटोचं काडतूस आलं तेव्हा पुन्हा जवळजवळ सरळ झालं. वाकवणारा आणि सरळ करणारा कुणी डिझायनर नव्हता. ते काम काडतुसाच्या बुडाशी असलेल्या एका पातळ कडेनं केलं.

माझा धंदा बंदुकांचा नव्हे. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये माझी सगळी नोकरी गेली. जिग, फिक्श्चर, गेज हे माझे विषय. तिथे एक गोष्ट अंगवळणी पडते: कोरा कागद तुम्हाला कधीच मिळत नाही. जॉब आधी ठरलेला असतो, मशीन आधी घेतलेलं असतं, कुणीतरी वीस वर्षांपूर्वी घेतलेला एखादा निर्णय आता कुणालाच बदलता येत नसतो, आणि या सगळ्यात जी जागा उरते तेवढीच तुमची. त्या उरलेल्या जागेत कुणी नेटकं काम केलेलं दिसलं की मला मनापासून आनंद होतो. या बंदुकीत ते मला दिसतं. ती माणसं मारण्यासाठी घडवलेली वस्तू आहे हे मी एक क्षणही विसरत नाही. तिच्या नळीसमोर कोण उभं होतं हा प्रश्न कौतुकाच्या मध्येच येऊन बसतो, आणि तो यायलाच हवा. तरी या वस्तूमागची बुद्धी समजून घ्यावीशी वाटते, आणि ती समजली की तिच्याबद्दल आदरच वाटतो.

पहिल्या महायुद्धानं पायदळाला एक धडा दिला होता. पाण्यानं थंड होणारी, तिपाईवर बसणारी मोठी मशीनगन खंदक राखते, पण खंदकातून उठून पुढे धावणाऱ्यांबरोबर ती धावत नाही. धावणाऱ्यांना स्वतःची मशीनगन हवी, एका माणसानं उचलता येईल अशी. युद्धाच्या घाईत तशा काही निघाल्याही. ब्रिटिशांची लुइस चांगली होती, पण साडेबारा किलोच्या वर वजन, नळीभोवती जाड आवरण आणि वर गोल तबकडी. फ्रेंचांच्या शोशाचं मॅगझीन एका बाजूनं उघडं, त्यात चिखल गेला की बंदूक अडली. जर्मनांनी मोठ्या मशीनगनलाच दस्ता आणि दोन पाय लावले आणि तिला हलकी म्हटलं. तिच्यात पाणी भरावंच लागायचं. अमेरिकेची बीएआर उचलायला सोपी, पण तिची नळी पक्की बसवलेली. तापली की थांबण्यावाचून इलाज नाही. मॅगझीन खालच्या अंगाला आणि तेही वीस गोळ्यांचंच.

२८ ऑक्टोबर १९१८ ला चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला. नव्या देशाच्या सैन्याकडे ऑस्ट्रियन, जर्मन, फ्रेंच, इटालियन असा मिळेल त्या हत्यारांचा गोतावळा होता. एकच हलकी मशीनगन ठरवायची होती आणि ती शक्यतो घरी बनवायची होती. प्राग शहरात 'प्राग झ्ब्रोयोव्का' नावाचा एक लहान कारखाना होता आणि तिथे वाक्लाव होलेक काम करत होता. हा १८८६ सालचा जन्म, पीसेक गावाकडचा, बंदुका दुरुस्त करण्याघडवण्याचं काम हातानं शिकलेला माणूस. विसाच्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं केलेली पहिली रचना पट्ट्यावर चालणारी होती. गोळ्यांचा पट्टा बाजूनं आत जायचा. सैन्याला मात्र पट्टा नको होता. पळताना लोंबतो, चिखलात लोळतो, अडकतो. मग होलेकनं पट्टा काढला आणि वरून बसणारं सरळ मॅगझीन लावलं.

हा बदल वाटतो त्याहून मोठा आहे. मॅगझीन वर आल्यानं नेम धरायची रेघ मध्ये राहू शकत नाही, ती डावीकडे सरकवावी लागते. बंदूक एका खांद्याची होते. डावखुऱ्याला ती जवळजवळ वापरता येत नाही. मॅगझीनचं उभं टोक शत्रूलाही दिसतं. इतकं गमावून मिळवलं काय? मॅगझीन खाली असतं तर जमिनीला टेकलं असतं, म्हणजे बंदूक आणि तिच्यामागचं डोकं तेवढं वर उचलावं लागलं असतं. आता माणूस मातीला चिकटून पडू शकतो. शेजारच्या दुसऱ्या माणसाला रिकामं मॅगझीन काढून भरलेलं बसवताना अंग उचलावं लागत नाही, हात वर केला की झालं. गोळी वरून आत येते आणि रिकामी पुंगळी खालून पडते. स्प्रिंगच्या मदतीला वजनही आहे. पालथ्या पडलेल्या दोन माणसांसाठी केलेली ही वस्तू आहे. प्रदर्शनात टेबलावर ठेवलेली असते तेव्हा ती विचित्र दिसते. तिला जमिनीवर पाहायला हवं.

प्रागच्या कारखान्याची आर्थिक तब्येत मात्र बरी नव्हती. सैन्याला एवढ्या बंदुका पुरवणं त्याच्या आवाक्यातलं काम नव्हतं. उत्पादन ब्रनो शहरातल्या मोठ्या कारखान्याकडे, झ्ब्रोयोव्का ब्रनोकडे गेलं. १९२६ च्या सुमारास प्रागचा कारखाना बुडाला आणि होलेक ब्रनोला आला. तिथे त्याचा भाऊ एमानुएल, आंतोनिन मारेक, आंतोनिन पोद्राब्स्की अशी माणसं या कामात होती. झेडबी २६ असं जे नाव पडलं त्यात कारखान्याची आद्याक्षरं आणि साल आहे, माणसाचं नाव नाही.

तिच्या आत एकदा डोकावून पाहू या. चाप ओढला की मागे रोखून धरलेला बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता ठोकळा, स्प्रिंगच्या जोरानं पुढे सुटतो, वरच्या मॅगझीनमधली एक गोळी ढकलत चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या टोकाच्या कप्प्यात, नेतो. बोल्ट पूर्ण पुढे गेला की त्याच्या खालचा, पिस्टनला जोडलेला तुकडा आणखी थोडा पुढे सरकतो आणि त्या सरकण्यानं बोल्टची शेपटी वर उचलली जाते. बॉडीच्या छतात एक खाच आहे, शेपटी तिथे जाऊन अडते. जुन्या वाड्याच्या दाराला आतून अडसर घालावा तसं दार बंद. त्यानंतरच फायरिंग पिनवर आघात होतो. दार नीट बंद झालेलं नसेल तर गोळी सुटूच शकत नाही. गोळी नळीतून जाताना एका बारीक भोकातून थोडा गॅस खालच्या नळकांड्यात शिरतो आणि पिस्टनला मागे ढकलतो. पिस्टन लगेच बोल्टला ओढत नाही. आधी तो थोडं अंतर एकटाच मागे जातो, तेवढ्यात गोळी नळीबाहेर पडलेली असते, आतला दाब उतरलेला असतो. मग शेपटी खाली येते, दार उघडतं, पुंगळी खाली पडते. हे सगळं मिनिटाला पाचशेच्या वेगानं.

ते 'थोडं अंतर एकटाच' मला या यंत्रातलं सगळ्यात देखणं काम वाटतं. तिथे एकही जादा भाग नाही. एका तुकड्यात एक मोकळी जागा ठेवली आहे, एवढंच. ती मोकळी जागा कमी केली तर दाब असताना दार उघडून पुंगळी फाटेल, वाढवली तर वेग आणि वजन बिघडेल. ज्यानं हातात कानस धरून असं काही जुळवलं आहे त्याला ही जागा ठरवायला किती तुकडे वाया गेले असतील याचा अंदाज येतो.

नळी तापण्याचा प्रश्न होलेकनं थंड करून सोडवला नाही, बदलून सोडवला. डावीकडचा एक खटका उचलायचा, नळीवरच्या लाकडी मुठीला धरून नळी पुढे काढायची, दुसरी थंड नळी बसवायची. काही सेकंदांचं काम. तीच मूठ बंदूक उचलून नेण्यासाठीही. बंदुकीचं वजन नऊ-साडेनऊ किलो. तिला गिऱ्हाईक लागलं यात नवल नाही: चीन, युगोस्लाव्हिया, रोमानिया, इराण. चीननं तर हजारोंनी घेतल्या आणि आपल्या शस्त्रशाळांमध्ये स्वतःही बनवल्या.

आता इंग्लंड. युद्ध संपल्यापासून ब्रिटिश सैन्य लुइसच्या जागी काय घ्यावं याच्या चाचण्या घेत होतं. पैसा नव्हता आणि घाईही नव्हती, त्यामुळे विसाचं दशक चाचण्यांतच गेलं. विकर्स-बर्टियर ही बंदूक जवळपास पक्की होत आली होती. १९३० च्या चाचण्यांमध्ये प्रागच्या ब्रिटिश वकिलातीतल्या लष्करी अधिकाऱ्याच्या शिफारशीनं झेडबी २६ दाखल झाली आणि परीक्षकांनी तिच्याबद्दल चांगलं लिहिलं. फक्त एक अडचण. ती ७.९२ मिलिमीटरच्या जर्मन काडतुसावर चालणारी होती. ब्रिटिशांचं काडतूस .३०३.

.३०३ हे १८८० च्या दशकाच्या अखेरीचं काडतूस. पहिल्यांदा आलं तेव्हा त्यात काळी दारू दाबून भरलेली असायची. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड आहे. काडतूस चेंबरमध्ये किती आत जाईल ते ही कड ठरवते आणि पुंगळी ओढून काढायला तीच पकडता येते. एकेक गोळी हातानं भरायच्या काळात हे सोयीचं होतं. जर्मन काडतुसाला अशी बाहेर आलेली कड नाही, तिथे बुडाजवळ फक्त खोबण आहे. मॅगझीनमध्ये एकावर एक रचायला तेच सोपं. ब्रिटिशांना हे कळत नव्हतं असं नाही. १९१४ च्या आधी त्यांनी बिनकडेचं नवं .२७६ काडतूस आणि त्यासाठी नवी रायफल करून पाहिली होती. युद्ध सुरू झालं आणि ते काम बंद पडलं. युद्ध संपलं तेव्हा साऱ्या साम्राज्यात .३०३ चे डोंगर साठलेले, ते बनवणारे कारखाने उभे, आणि तिजोरी रिकामी. काडतूस बदलणं शक्य नव्हतं. म्हणून बंदूक बदलायची ठरली.

या बदलाची चार-एक वर्षं या गोष्टीतली माझी सगळ्यात आवडती. ब्रनोच्या लोकांनी .३०३ साठी एकामागून एक नमुने केले, झेडजीबी या नावानं, आणि प्रत्येक नमुना इंग्लंडला जाऊन काहीतरी तक्रार घेऊन परत आला. पहिली मोठी तक्रार काजळीची. ब्रिटिश काडतुसात कॉर्डाइट या प्रकारची दारू भरलेली असायची. ती मूळच्या जर्मन काडतुसातल्या दारूपेक्षा जास्त घाण करायची. झेडबी २६ मध्ये गॅसचं भोक नळीच्या तोंडाजवळ होतं, तिथे ही घाण जमून पिस्टन जड व्हायचा. उपाय म्हणून भोकच मागे, चेंबरच्या दिशेनं आणलं. तिथे गॅस जास्त तापलेला, जास्त दाबाचा. अर्थात त्याचा धक्काही जास्त, मग पिस्टनची चाल, वेग, मागचा बफर हे सगळं पुन्हा जुळवणं आलं. गॅसची भोकं चार मापांची ठेवली. बंदूक मंदावली की फिरवून मोठं भोक समोर आणायचं. दोन्ही बंदुकांचे फोटो शेजारी ठेवून पाहा. झेडबीमध्ये नळीखालचं नळकांडं जवळजवळ तोंडापर्यंत जातं, ब्रेनमध्ये ते बरंच आधी संपतं. दारूच्या रसायनातला फरक बाहेरच्या आकारात इतका स्वच्छ लिहिलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. नळीवरच्या थंड करण्याच्या चकत्याही काढून टाकल्या. नळी बदलता येते तर चकत्या कापत बसायचं कशाला, हा विचार मला एका फटक्यात पटतो, कारण त्या चकत्या लेथवर कापायला किती वेळ जातो हे मला माहीत आहे.

आणि मॅगझीन. .३०३ च्या गोळ्या एकावर एक ठेवा. बुडाशी कड असल्यानं आणि काडतूस पुढे निमुळतं होत गेल्यानं मागची बाजू जास्त जागा खाते, पुढची कमी. पाच-सहा गोळ्यांपर्यंत ते चालून जातं. तीस रचल्या की ती रास आपोआप वळते. सरळ पेटीत त्या बसवायचा हट्ट धरला तर त्या तिरक्या होतील आणि अडतील. ब्रनोवाल्यांनी हट्ट धरला नाही. रास जशी वळली तसं पत्र्याला वळवलं.

हे वळण कुणाच्या लहरीतून आलेलं नाही याचा पुरावाही आहे. विकर्स-बर्टियर अगदी वेगळ्या घराण्यातली, बर्टियर नावाच्या फ्रेंच माणसाची. तिचं .३०३ चं मॅगझीनही वरच्या अंगाला आणि तसंच वाकलेलं. इतकं, की फोटोत लोक तिलाच ब्रेन समजतात. जपानच्या टाइप ९६ चं काडतूस ६.५ मिलिमीटरचं, अर्धवट कडेचं. तिचं मॅगझीन चांगलंच वाकलेलं. पुढच्या टाइप ९९ साठी बिनकडेचं ७.७ आलं आणि वळण कमी झालं. एकमेकांशी संबंध नसलेली माणसं एका कडेमुळे एकाच आकाराशी येऊन थांबली.

१९३५ साली परवाना झाला. ब्रनो आणि एनफिल्ड यांच्या नावांची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून ब्रेन. एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात मग जे काम सुरू झालं त्याबद्दल बंदुकांच्या लिखाणात एखादंच वाक्य असतं: मेट्रिक ड्रॉइंग इंचात बदलली. ज्यांनी हे काम कधी केलं आहे ते या वाक्यापाशी थांबतील. मी उलट दिशेनं, इंचाची ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये नेण्याचं काम पुष्कळ केलं आहे. आकडा २५.४ नं गुणणं हा त्यातला सगळ्यात क्षुल्लक भाग. खरा प्रश्न हा, की हे माप कशासाठी आहे? भोक आणि त्यातली पिन यांत किती फट चालेल? पूर्णांक करताना मी दोन्ही मापं एकाच बाजूला ढकलली तर काय होईल? प्रत्येक मापाशी मूळ माणसाचा हेतू ओळखावा लागतो, आणि तो माणूस दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेत बोलतो. शिवाय या बंदुकीची बॉडी एका घडीव लोखंडी ठोकळ्यातून कोरून काढायची, मिलिंगच्या शेकडो पायऱ्यांनी, म्हणजे प्रत्येक पायरीचं फिक्श्चर आणि प्रत्येक मापाचं गेज आधी हवं. सप्टेंबर १९३७ मध्ये पहिली ब्रेन बाहेर पडली. १९३८ मध्ये आठवड्याला सुमारे ३०० निघू लागल्या. परवान्यापासून पहिल्या बंदुकीपर्यंतची दोन वर्षं आळसाची नव्हती, ती टूलरूमची होती.

आणि ते वेळेत झालं म्हणून बरं. सप्टेंबर १९३८ च्या म्युनिक करारानं चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग त्याला न विचारताच जर्मनीला देऊन टाकला. १५ मार्च १९३९ ला उरलेला देशही गेला. आदल्या संध्याकाळी मीस्तेक गावातल्या बराकीत कॅप्टन कारेल पाव्लीकच्या तुकडीनं जर्मनांवर गोळीबार केला. तेवढा अपवाद सोडला तर ज्या सैन्यासाठी होलेकनं ही बंदूक केली होती त्या सैन्याला लढण्याचा हुकूमच मिळाला नाही. पाव्लीक पुढे माउटहाउसेनच्या छळछावणीत मेला. ब्रनोचा कारखाना जर्मनांच्या हाती गेला आणि झेडबीच्या बंदुका एमजी २६(टी) या नावानं जर्मन सैन्यात दाखल झाल्या. एकाच माणसाच्या हातून निघालेल्या दोन बंदुका युद्धभर एकमेकींवर गोळ्या झाडत राहिल्या. होलेक १९५४ पर्यंत ब्रनोतच जगला. हे सगळं पाहताना त्याला काय वाटलं असेल हा विचार माझी पाठ सोडत नाही.

१९४० मध्ये डंकर्कहून सैन्य परतलं तेव्हा ब्रेन गन बहुतेक फ्रान्समध्येच राहिल्या होत्या. इंग्लंडमध्ये बनवणारा कारखाना एकटा एनफिल्ड. एक बॉम्ब नेमका पडला तर सगळं ठप्प. मग छपाईचे खिळे जुळवणारी यंत्रं करणाऱ्या मोनोटाइप कंपनीच्या पुढाकारानं कारखान्यांचा एक गट उभा राहिला आणि १९४१ पासून साधी केलेली मार्क २ निघाली. काय साधं केलं याची यादी मला बोलकी वाटते. अंतर लावायची फिरती चकती गेली, साधी पट्टी आली. लांब-आखूड होणारे पाय गेले, एका मापाचे आले. घडी होणारी कॉकिंगची मूठ पक्की झाली, दस्त्याखालची मूठ गेली. म्हणजे मूळ बंदुकीतही हौसेचं काम होतंच, आणि गरज पडली तेव्हा ते कुठलं ते लगेच कळलं. बोल्टचा अडसर, बदलती नळी, वळलेलं मॅगझीन यांना कुणी हात लावला नाही.

भारतीय सैन्याची वाट थोडी वेगळी. ब्रिटनमध्ये चाचण्या चालू असतानाच, १९३३ मध्ये, इथे विकर्स-बर्टियर स्वीकारली गेली आणि बंगालमध्ये हुगळीकाठच्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनू लागली. महायुद्धात मग ईशापूरलाच ब्रेनही बनू लागली. आणि गोळ्या? .३०३ च्या गोळ्या करणाऱ्या कारखान्यांपैकी एक आमच्या अगदी शेजारी. खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ पासूनची. तिथल्या काडतुसाच्या बुडावर के आणि एफ ही इंग्रजी अक्षरं ठोकलेली असत. पिंपरीहून पुण्याला जाताना मी तो परिसर असंख्य वेळा ओलांडला आहे. एका चेक माणसाच्या बंदुकीला वळण लावणारी कड ज्या मशीनवर निघत होती त्यांपैकी काही त्या भिंतींच्या आत होत्या.

ती कड हातात येते म्हणजे काय, हे मला मामांनी दाखवलं. मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीत, साठच्या दशकात भरती झालेले, बेळगावला ट्रेनिंग. ते एलएमजीचे, म्हणजे हलक्या मशीनगनचे, नंबर दोन होते. नंबर एक गोळी झाडतो. नंबर दोन मॅगझीन बदलतो, नळी बदलतो, आणि वेळ मिळेल तेव्हा मॅगझीन भरतो. त्यांनी स्वयंपाकघरातल्या चमच्यांवर मला ते समजावलं होतं. मॅगझीन उलटं धरायचं, तोंड वर. प्रत्येक नवी गोळी दाबताना तिची कड आधीच्या गोळीच्या कडेच्या पुढे यायला हवी. एक जरी मागे राहिली तर फायर करताना ती खालच्या कडेला अडकते आणि गन थांबते. अंधारात, बोटं गारठलेली असताना, हे बघून करता येत नाही. अंगठ्यानं चाचपून करायचं. मामांच्या उजव्या अंगठ्याची हालचाल बोलतानाही तशीच व्हायची, पुढे सरकवून दाबल्यासारखी. तीस गोळ्या मावत असल्या तरी अठ्ठावीसच भरायच्या, स्प्रिंगवर ताण नको म्हणून. "कड मागं राहिली की नंबर एक मेला," असं ते म्हणायचे, आणि ते शब्दशः खरं होतं.

ब्रेन आली तेव्हापासून पायदळाचं सेक्शन, म्हणजे सगळ्यात लहान तुकडी, तिच्याभोवतीच रचलेलं असायचं. जवानाच्या अंगावर बांधायच्या १९३७ च्या पट्ट्यांना असलेले छातीवरचे दोन मोठे खिसे हे ब्रेनचं मॅगझीन मावेल याच मापानं बेतलेले. रायफलवाल्या जवानाच्या छातीवरही त्याच्या स्वतःच्या गोळ्यांआधी ब्रेनचीच मॅगझीन असायची. इटलीत तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ ला पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधले नाईक यशवंत घाडगे असंच एक सेक्शन घेऊन पुढे जात होते. जवळच्या मशीनगनचा मारा सुरू झाला आणि घाडगे सोडून सेक्शनमधला प्रत्येक जण मारला गेला किंवा जखमी झाला. ते एकटे मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्बनं ती गन आणि ती चालवणारा दोन्ही गारद केले, आणखी एकाला टॉमीगननं टिपलं, आणि मग टॉमीगनचं मॅगझीन रिकामं झालं. बदलायला वेळ नव्हता. उरलेल्या दोघांना त्यांनी बंदूक उलटी धरून मारलं. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. बावीस वर्षांचे होते. माणगावला त्यांचं स्मारक आहे, आणि त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात मॅगझीन बदलायला वेळ नसल्याचा उल्लेख आहे. मॅगझीनच्या घडणीवर इतकं लिहिताना मला ते दोन-तीन सेकंद विसरता येत नाहीत. डिझाइनच्या टेबलावर ज्याला आपण सुधारणा म्हणतो ती शेवटी याच सेकंदांसाठी असते. आणि मशीनगनच्या मागे पडलेले ते चौघे जर्मन जवानही त्याच हिशेबात येतात.

१९४३ पासून कॅनडात टोरोंटोच्या इंग्लिस कारखान्यानं चीनसाठी ब्रेन बनवायला घेतल्या. चीनकडे ७.९२ चीच काडतुसं होती, म्हणून या ब्रेन ७.९२ च्या. ब्रनोहून इंग्लंड, इंग्लंडहून कॅनडा, आणि तिथून पुन्हा मूळ काडतुसावर. कड गेली, त्याबरोबर वळण गेलं. या बंदुकांवर मॅगझीन सरळ बसलं. पन्नासच्या दशकात नाटोनं ७.६२ चं बिनकडेचं काडतूस ठरवलं, ब्रिटिशांनी ब्रेन त्यावर उतरवून तिला एल ४ म्हटलं, आणि ती १९९१ च्या आखाती युद्धापर्यंत वापरात राहिली. भारतानंही ७.६२ ची ब्रेन केली, एलएमजी १बी. बोल्टची शेपटी अजूनही वर उचलली जाऊन छतातल्या खाचेतच अडत होती. १९२० च्या दशकातली ती मोकळी जागाही तशीच होती.

मामांनी दोन्ही हाताळल्या. भरती झाले तेव्हा .३०३, आणि नोकरीच्या पुढच्या वर्षांत ७.६२. मी त्यांना विचारलं, दोन्हींतली कुठली आवडायची. मला वाटलं होतं ते जुन्या ब्रेनचं नाव घेतील, तिच्या नेमाचं कौतुक तर ते नेहमीच करायचे. त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. सात-बासष्ट, म्हणाले. कड बघावी लागत नाही, रात्री कुणालाही भरायला देता येतं, नव्या पोरालाही.